कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत घराच्या सोप्यात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. नमस्कार.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही ते न उघडताच फडताळात ठेवलं असतं आणि म्हणाला असता, "आभार-बिभार राहू दे, आधी चहा घे." फी तुम्ही कधी घेतली नाहीत, भेटवस्तूही परत पाठवल्यात. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळते. तुमच्या हाताखालून गेलेल्यांना नावाची गरज नाही. बाकीच्यांना तुम्ही कसं शिकवलंत ते कळलं तर त्यांच्या कामाला येईल, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा इंग्रजी शब्दांचा तुटवडा आमच्यापैकी कुणालाच नव्हता. टार्गेट, फोकस, कॉन्फिडन्स, मोटिव्हेशन, पॉझिटिव्ह हे शब्द शिरोलीच्या एमआयडीसीत, गांधीनगरच्या कापड दुकानांत, एमपीएससीच्या अभ्यासिकेत दिवसभर कानावर पडायचे. रोज सकाळी उगवत्या सूर्याच्या फोटोवर लिहून मोबाईलवरही यायचे. पण ते सगळे मराठी वाक्यांत मुरलेले. "माझा कॉन्फिडन्सच गेला", "जरा फोकस कर की" इथवर आमचं चालायचं. अख्खं वाक्य इंग्रजीत करायची वेळ आली की रोज तोंडात असलेला शब्द एकदम परका व्हायचा. आणि वेळ तर नेमकी त्याच शब्दांवर यायची. मुलाखतीत विचारतात, कामाची उमेद तुम्हाला कशातून येते, एखाद्या अपयशातून कसे सावरलात, पुढच्या पाच वर्षांत स्वतःला कुठे बघता. कंपनीतल्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवरही तेच: इनिशिएटिव्ह, स्ट्रेंथ्स, एरियाज ऑफ इम्प्रूव्हमेंट. डिप्लोमाला आम्हाला धातूंचे गुणधर्म शिकवले, मोल्डिंगच्या वाळूची चाचणी शिकवली. स्वतःबद्दल चार वाक्यं धड कशी बोलायची, हे कुणी शिकवलं नव्हतं.

तुमचा नियम एकच होता. वाक्य खरं पाहिजे. उद्यमनगरात लेथ चालवणारे ते दादा उभे राहिले आणि पाठ करून आणलेलं म्हणाले, "आय ॲम अ व्हेरी हार्डवर्किंग पर्सन." तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "कशावरून?" दादा गप्प. "अरे, रागवत नाही मी. काय केलंस ते सांग की." मग ते मराठीत बोलायला लागले. वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, रात्रपाळी संपवून ते थेट सीपीआर हॉस्पिटलला जायचे, दुपारपर्यंत तिथे बसायचे, चार तास झोपून परत कामावर. एक पाळी बुडवली नाही. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, "आय मॅनेज्ड टू वर्क द नाइट शिफ्ट अँड लुक आफ्टर माय फादर." आणि सांगितलंत की 'मॅनेज्ड टू'मध्येच सगळं आलं: काम अवघड होतं, तरी ते पार पडलं. आता 'हार्डवर्किंग' म्हणायचीसुद्धा गरज नाही, ऐकणारा स्वतःच म्हणेल. दादांनी ते वाक्य तीनदा मोठ्याने म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज वेगळा होता, आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं.

त्या दिवसापासून "कशावरून?" हा प्रश्न आमच्या पाठी लागला. 'डेडिकेटेड' म्हटलं, कशावरून? 'पॅशनेट' म्हटलं, कशावरून? मोठ्या शब्दांआधी तुम्ही आम्हाला छोटे शब्द दिलेत, जे इंग्रजी बोलणारी माणसं खरोखर बोलतात. कीप गोइंग, गिव्ह अप, स्टिक टू, पुट ऑफ, फॉल बिहाइंड, कॅच अप, गेट बेटर ॲट, वर्क ऑन. माणसाच्या धडपडीबद्दल जे काही सांगायचं असतं त्यातलं निम्म्याहून जास्त एवढ्यात सांगून होतं, हे माझं आता ठाम मत झालं आहे. ज्या यादीत हे शब्द नाहीत आणि नुसते 'पर्सिव्हिअरन्स', 'टेनॅसिटी' असले भारदस्त शब्द आहेत, ती यादी मी कुणाच्या हातात देत नाही.

शब्द एकटा पाठ करायचा नाही, त्याच्यासोबत येणारं क्रियापद धरूनच करायचा, हे दुसरं. आपण प्रगती करतो, प्रयत्न करतो, व्यायाम करतो, गृहपाठ करतो, सगळीकडे 'करणं' एकच. इंग्रजीत प्रोग्रेस आणि एफर्ट 'मेक' करतात, एक्सरसाइज आणि होमवर्क 'डू' करतात. निर्णय आपण घेतो, तो तिकडे 'मेक' होतो. पुढाकार, जबाबदारी आणि जोखीम मात्र तिकडेही 'टेक'च. अडचणीवर 'ओव्हरकम', अनुभव 'गेन', सवय 'डेव्हलप' आणि वाईट असेल तर 'ब्रेक'. 'गोल' शब्द आम्हाला शाहू स्टेडियमवरून ठाऊक. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रत्येकाचा आपापल्या तालमीचा फुटबॉल संघ ठरलेला आणि गोल झाला की घसा बसेपर्यंत ओरडायचं. तुम्ही सांगितलंत, मैदानावर गोल 'स्कोअर' होतो. आयुष्यातला आधी 'सेट' करायचा आणि मग 'अचीव्ह'. वर्गातली फुटबॉलवेडी पोरं ती जोडी पुन्हा विसरली नाहीत.

शब्दांच्या मागे येणारं शेपूटही तुम्ही सोडू दिलं नाहीत. 'डिटरमाइंड टू'नंतर साधं क्रियापद, पण 'कमिटेड टू'नंतर 'आयएनजी'. 'केपेबल ऑफ'नंतर 'आयएनजी', 'सक्सीड इन'नंतरही तेच. 'लुकिंग फॉरवर्ड टू'ने तर अर्ध्या कोल्हापूरचे नोकरीचे अर्ज बिघडवले असतील, असं तुम्ही म्हणायचात. शंका आली की तुम्ही उत्तर द्यायच्या नाहीत, करवीर नगर वाचन मंदिरात पाठवायच्या. 1850 सालापासून गावात वाचनालय आहे, पायऱ्या चढायला काय होतंय, हे तुमचं ठरलेलं वाक्य. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडून नामापुढे 'सी' लिहिलंय की 'यू' ते बघून यायचं. 'गोल'पुढे 'सी', म्हणजे मोजता येतो. 'प्रोग्रेस'पुढे 'यू', म्हणून 'प्रोग्रेसेस' म्हणायचं नाही. 'ॲडव्हाइस' आणि 'फीडबॅक'ही 'यू'. ऑफिसात आजही कुणी 'फीडबॅक्स' लिहिलं की माझं पेन आपोआप तिथे जातं.

एका शब्दाचं कुटुंब एकदम शिकायचं, हेही तुमचंच. मोटिव्ह, मोटिव्हेट, मोटिव्हेटेड, मोटिव्हेशन. सक्सेस, सक्सीड, सक्सेसफुल. पर्सिस्ट, पर्सिस्टंट, पर्सिस्टन्स. न्यूझीलंडमध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची यादी काढली, आणि त्यात अचीव्ह, गोल, मोटिव्ह, कमिट, चॅलेंज, ॲटिट्यूड, पर्स्यू, पर्सिस्ट हे सगळे आहेत, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा एमपीएससीवाल्यांचे कान टवकारले. स्वतःबद्दल बोलायला शिकलेले शब्द जाड पुस्तकं वाचतानाही भेटणार होते.

उच्चारासाठी तुम्ही पेनाने स्टीलच्या डब्यावर ठोका द्यायच्या. आपण मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने बोलतो, इंग्रजीत एका अक्षरावर भार येतो. शेवटी 'शन' असेल तर ठोका त्याच्या आधीच्या अक्षरावर: मोटिव्हेशनमध्ये 'व्हे', डेडिकेशनमध्ये 'के', डिटर्मिनेशनमध्ये 'ने'. शेवटी 'इटी' असेल तरी तसंच: अबिलिटीत 'बि', क्रिएटिव्हिटीत 'टि'. एवढे दोन नियम लागले आणि समोरचा माणूस आम्हाला "पार्डन?" विचारायचा थांबला.

आता त्या खोक्याबद्दल. चपलेचं रिकामं खोकं, आत पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावून केलेले पाच कप्पे. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका. एका बाजूला "आमच्या येथे श्रीकृपेकरून", दुसऱ्या कोऱ्या बाजूला तुमच्या टपोऱ्या अक्षरात एक वाक्य, मधला शब्द गाळलेला, आणि खालची कड दुमडून तिच्या आत उत्तर. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असं मागे मागे अंतर वाढत जायचं. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने 1970च्या दशकात लोकांपुढे आणली, आणि तिच्या मुळाशी एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम आहे. त्याने अर्थहीन अक्षरं स्वतः पाठ करून, आपण ती किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि 1885 साली ते छापलं. विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जास्त होतं, पुढे मंदावतं. आदल्या दिवशी पाठ केलेलं आज आठवत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या गांधीनगरच्या त्या मुलीला तुम्ही हे समजावलंत. तिच्या डोक्यात काही बिघाड नव्हता, सगळ्यांचंच डोकं असं चालतं. उजळणी विसरायच्या बेताला करायची, एवढंच. त्या मुलीने आठवीत इंग्रजीला भिऊन शाळा सोडली होती. आज ती दुकानाचा परप्रांतातल्या व्यापाऱ्यांशी होणारा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार बघते.

स्तुती आणि निंदा यांच्यातला फरकही तुम्ही फार बारकाईने दाखवलात. आखाड्यात एक मल्ल पकड सोडत नाही. तो आपला असेल तर 'डिटरमाइंड', समोरचा असेल तर 'स्टबर्न', आणि त्रयस्थाने बघितलं तर 'पर्सिस्टंट'. स्वतःबद्दल कोणता वापरायचा आणि साहेबांबद्दल कोणता वापरायचा नाही, हे आम्हाला तिथल्या तिथे कळलं.

खाशाबा जाधवांवर तुम्ही लिहायला लावलेला निबंध मला अजून अख्खा म्हणून दाखवता येईल. अट अशी की 'ग्रेट', 'लेजंड', 'इन्स्पायरिंग' यातला एकही शब्द येता कामा नये, फक्त घडलं ते लिहायचं. 1948च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा क्रमांक. मातीत घडलेला मल्ल तिथे मॅटवर खेळला. इथे 'अडॅप्ट टू' बसला. पुढच्या वेळी जायला पैसे नव्हते, लोकांकडून जमवावे लागले, 'रेज फंड्स'. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले; 'मेक अ सॅक्रिफाइस'. आणि 1952 साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. निबंध वाचून झाल्यावर तुम्ही विचारलंत, ह्यात एकट्या खाशाबांची जिद्द किती आणि गाव पाठीशी उभं राहिलं त्याचं किती? मग 'सपोर्ट', 'बॅकिंग', 'एन्करेज', 'बिलीव्ह इन' हे शब्द फळ्यावर आले. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत हे शब्द मागे पडतात. सगळा भार एकट्या माणसावर टाकलेला असतो. तुम्ही तसं केलं नाहीत, आणि त्यासाठी माझ्या मनात तुमच्याबद्दल वेगळा आदर आहे.

2019च्या महापुरानंतरचा वर्ग तर विसरता येणारच नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे आपल्याकडे पोराटोरांना पाठ असतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. वर्ग परत भरला तेव्हा नदीकाठच्या चिखली गावची ती मुलगी आली होती. तिला काही बोलायचं होतं आणि ते इंग्रजीतच बोलायचं होतं. तिने सांगितलं, जनावरं रात्रीत सोडली, आजीला बोटीत घातलं, परत आल्यावर घरात गुडघाभर गाळ. साधी साधी वाक्यं, सगळी भूतकाळातली. तिचं झाल्यावर आमच्यातला एक जण भारावून म्हणाला, "यू आर व्हेरी रेझिलिअंट." ती काहीच बोलली नाही.

तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तुमच्या डिप्लोमाला 'रेझिलिअन्स' होतं ना? काय असतं ते?" मी सांगितलं की लवचीक मर्यादेच्या आत धातू जेवढी ऊर्जा साठवतो आणि भार काढल्यावर परत देतो, ती. "आणि मर्यादेच्या पलीकडे?" पलीकडे वाकतो, तो परत सरळ होत नाही, पुढे तुटतो. "मग भार काढायचा आधी बघूया," असं म्हणून तुम्ही तो शब्द त्या दिवशी फळ्यावर लिहिलाच नाहीत. लिहिलंत ते "हाउ कॅन वुई हेल्प?" आणि "व्हॉट डू यू नीड नाऊ?" त्या मुलीला वह्या हव्या होत्या, आणि बारावीच्या फॉर्मसाठी भिजलेल्या कागदपत्रांच्या नकला. दोन्हीची सोय झाली. दुसऱ्याला शाबासकी देताना एखादा शब्द त्याच्यावर ओझं टाकतो का, हे मी तेव्हापासून तपासते. ट्रेनिंगला आलेल्या मोठ्या मोठ्या वक्त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकला की मला चिखलीची ती मुलगी दिसते.

माझं काय झालं ते तुम्हाला थोडक्यात ठाऊक आहे, पण इथे लिहायला हवं. आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, एका कास्टिंगला सतत ब्लोहोल, म्हणजे वायूची छिद्रं, येत होते आणि रिजेक्शन वाढलं होतं. कोअरमध्ये, म्हणजे साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यात, ओलावा राहतो असा माझा अंदाज होता, म्हणून प्रत्येक पाळीत त्याची नोंद ठेवायला मी स्वतःहून सुरुवात केली. हे मी तुम्हाला सहज बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "हेच तुझं 'इनिशिएटिव्ह'. रजिस्टर आण बघू." तुम्ही खरंच ते रजिस्टर उघडून पाहिलंत, कोणत्या पाळीत आकडा वाढतो ते मला बोट ठेवून दाखवायला लावलंत, आणि त्यावर माझ्याकडून सहा-सात वाक्यं करून घेतलीत. पुढे वरच्या जागेसाठी मुलाखत झाली तेव्हा पुण्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, एखादं उदाहरण द्या. मी म्हटलं, "आय टूक द इनिशिएटिव्ह टू रेकॉर्ड द मॉइश्चर इन एव्हरी शिफ्ट." त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा, आणि ओलावा, सुकवण्याची भट्टी, वायू बाहेर जायचे व्हेंट यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो. आपण इंग्रजीत बोलतोय हे मध्ये माझ्या ध्यानातच राहिलं नाही. ती जागा मला मिळाली. आता पुरवठादारांकडे ऑडिटला मी जाते, अहवाल मी लिहिते, आणि एखाद्या पोराने "वुई आर कमिटेड टू क्वालिटी" म्हटलं की मी हसून विचारते, "कशावरून?"

बाई, हे तुम्ही निवृत्तीनंतर केलंत. संधिवाताने गुडघे धरलेले असताना, घरात आजारपण असताना केलंत. सोप्यात सतरंजी पसरलेली, पाठीमागे काकांचा रेडिओ बारीक आवाजात, आणि तुम्ही खुर्ची न घेता आमच्यात खाली बसलेल्या. लॉकडाऊनमध्ये तुम्ही फोनवर एकेकाचा पाठ घेतलात, ज्याच्याकडे साधा फोन होता त्यालाही वगळलं नाहीत. आमच्यातल्या कुणाला तुम्ही 'मराठी मीडियमचा' म्हणून वेगळं वागवलं नाहीत. उलट मराठीत नीट सांगता येतंय ना, मग इंग्रजीत येणारच, हे तुम्ही इतक्या सहज म्हणायच्या की आम्हाला ते खरं वाटायला लागलं. तुमचे उपकार मानते असं लिहिलं तर तुम्हाला आवडणार नाही. तरी लिहिते. मनापासून मानते.

एक विनंती आहे. कागल तालुक्यातल्या आमच्या गावात, देवळाच्या सभामंडपात, रविवारी सकाळी मी मुलींचा वर्ग सुरू केला आहे. नववीपासून पदवीपर्यंतच्या मुली येतात. खोकं केलंय, पत्रिका गावभरातून गोळा झाल्यात. खाशाबांच्या निबंधानंतर आता त्या स्वप्नील कुसाळेवर लिहितात. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, रेल्वेत तेव्हा तिकीट तपासनिसाची नोकरी आणि 2024ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य. मुलींना तुम्हाला भेटायचं आहे. तुम्ही एकदा याल का? बसचा त्रास नको, भाऊ गाडी घेऊन दारात येईल आणि दुपारच्या जेवणानंतर परत सोडेल. सभामंडपाला पायऱ्या तीनच आहेत आणि खुर्चीची सोय केली आहे. मुलींनी विचारायचे प्रश्न आत्तापासून लिहून ठेवलेत. पहिलाच असा आहे: 'अँबिशस' हे मुलीबद्दल म्हटलं की लोक नाक का मुरडतात, आणि मुलाबद्दल म्हटलं की का नाही? मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

काकांना नमस्कार सांगा.

तुमची विद्यार्थिनी,
फाउंड्रीवाली